प्लग हातात घेण्याआधी

सिंगापुरात गाडी घेणारा माणूस एका व्यवहारात दोन गोष्टी विकत घेतो: एक यंत्र, आणि ते यंत्र दहा वर्षे रस्त्यावर ठेवण्याचा परवाना. मे १९९० पासून चालत आलेल्या सीओई पद्धतीत या परवान्याचा लिलाव होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची बोली लहान गाड्यांच्या वर्गात १ लाख ६ हजार डॉलरवर आणि मोठ्या गाड्यांच्या वर्गात दीड लाखाच्या पुढे गेली होती. साध्या जपानी सेडानच्या आयातमूल्याच्या ही रक्कम कितीतरी पट भरते. एवढे पैसे मोजून आणलेल्या गाडीचे बॉनेट मात्र कित्येक घरांत वर्षभर उघडले जात नाही. मरीन परेड, सिगलॅप, बेडोक, बेशोअर या ईस्ट कोस्टच्या पट्ट्यातली मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत. गाडी कार्यशाळेत जाते, बिल येते, बिलावरच्या ओळी कोणी वाचत नाही, आणि पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत तो विषय बंद होतो. हे पुस्तक मालकाला मेकॅनिक बनवण्यासाठी लिहिलेले नाही. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते समजण्याइतके आणि कार्यशाळेत योग्य प्रश्न विचारण्याइतके ज्ञान प्रत्येक मालकाकडे असावे, आणि ते मिळवण्याची सुरुवात स्पार्क प्लगपासून करावी, एवढाच त्यामागचा आग्रह आहे. प्लगच का, याचे कारण साधे आहे. इंधन जिथे प्रत्यक्ष जळते तिथे त्याचे एक टोक असते, आणि तरीही साध्या चार सिलिंडरच्या इंजिनातून तो अर्ध्या-पाऊण तासात बाहेर काढून उजेडात पाहता येतो. इंजिनातला दुसरा कोणताही भाग आतली हकिकत घेऊन इतक्या सहज मालकाच्या हाती येत नाही.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला हा भाग परका नव्हता. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून बजाज चेतक बाहेर पडू लागली आणि पुढची दोन-तीन दशके घरोघरी दारात स्कूटर उभी राहिली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, ते पेट्रोलबरोबरच जळे, आणि प्लगवर काजळी धरे. त्यामुळे स्कूटर तिरकी करणे, प्लग पाना लावणे, ‘प्लगमध्ये कचरा आलाय’ असे निदान करणे आणि पॉलिश पेपरने टोक घासून पुन्हा किक मारणे हे बँकेतल्या कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना येत असे. बंगळूरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे मायकोचे, नाव प्लगमुळे घराघरांत पोचले होते. १९५१ साली सुरू झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड म्हणून ओळखली जाते, पण नाशिकमधल्या चौकाला लोक अजून मायको सर्कलच म्हणतात. तिथल्या कारखान्याचे काम प्लगचे नसून डिझेल इंजिनांच्या नोझलचे होते, हे मात्र बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. स्कूटरने दिलेले हे ज्ञान मोलाचे होते, पण अपुरे होते. त्याने प्लग घासायला शिकवले, वाचायला शिकवले नाही. काजळी काढून टाकली की काम झाले, ती का धरली हा प्रश्न टू-स्ट्रोक इंजिनात पडतच नसे, कारण उत्तर सर्वांना माहीत होते. फोर-स्ट्रोक, इंधन-इंजेक्शनच्या गाडीत परिस्थिती उलटी आहे. इथे प्लग काळा पडण्याचे कारण हीच खरी माहिती असते, आणि तो पॉलिश पेपरने घासणे म्हणजे पुरावा पुसून वर इलेक्ट्रोडचे बारीक टोकही खराब करून ठेवणे. त्या पिढीचा हाताला काळे लागू देण्याचा निर्भयपणा तेवढा घ्यावा, पद्धत घेऊ नये.

प्लगचे काम थोडक्यात सांगता येते, पण ते कोणत्या अवस्थेत चालते हे नीट पाहिले तर इतक्या लहान वस्तूबद्दल आदर वाटतो. विजेच्या ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना एतिएन लेन्वारच्या १८६० च्या इंजिनातच होती. मात्र उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला भरवशाचा प्लग स्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये आणला, आणि त्यानंतर मोटारीचा वेग खऱ्या अर्थाने वाढला. आजच्या प्लगमध्ये मधोमध एक इलेक्ट्रोड, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनाचे पांढरे चिनीमातीसारखे आवरण, बाहेर आट्यांचे पोलादी कवच आणि त्या कवचातून वाकून आलेला दुसरा इलेक्ट्रोड असतो. दोन्ही इलेक्ट्रोडमध्ये बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिलिमीटरची फट असते. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये पंधरा ते तीस हजार व्होल्टपर्यंत चढतात, आणि ती वीज फट ओलांडताना ठिणगी पडते. फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक प्लग एकदा पेटतो. सरासरी ताशी ३० किलोमीटर वेग आणि मिनिटाला १,५०० फेरे धरले तर दहा हजार किलोमीटरमध्ये एका प्लगने सुमारे दीड कोटी ठिणग्या टाकलेल्या असतात. प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अतिसूक्ष्म कण उडतो, टोक गोल होते आणि फट रुंदावते. फट रुंदावली की ती ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात आणि तो भार कॉइलवर पडतो. म्हणून जुना प्लग एके दिवशी एकटाच बंद पडतो असे समजणे चूक आहे. बंद पडण्याच्या कितीतरी आधीपासून तो कॉइलचे आयुष्य कमी करत आलेला असतो. मालकाला जाणवतो तो शेवटचा टप्पा: गाडी मिसिंग करू लागते, पिकअप जातो, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरते.

दुसरी गोष्ट तापमानाची. प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यावर साचलेली काजळी आपोआप जळून जाते. साडेआठशेच्या पुढे गेले तर टोकच निखाऱ्यासारखे होऊन ठिणगी पडण्याआधी इंधन पेटवू लागते, आणि तसे वारंवार झाले तर पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. या दोन मर्यादांच्या मध्ये टोक राहावे म्हणून प्रत्येक इंजिनासाठी ठरावीक उष्णताश्रेणीचा प्लग नेमलेला असतो. आतल्या चिनीमातीचे नाक लांब असेल तर उष्णता सावकाश बाहेर जाते आणि प्लग ‘गरम’ राहतो. नाक आखूड असेल तर तो ‘थंड’. दुकानात प्लग फक्त लांबी आणि आटे बघून घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशच्या क्रमांकात आकडा जितका मोठा तितका गरम. एका कंपनीचा आकडा पाहून दुसरीचा प्लग अंदाजाने उचलला तर गाडी सुरू होईल, चालेल, आणि नुकसान कित्येक महिन्यांनी दिसेल. नेमका क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत असतो किंवा प्लग कंपनीच्या तक्त्यात असतो. त्याबाबतीत दुकानदाराच्या ‘हाच चालतो’वर विसंबू नये.

आता ईस्ट कोस्टकडे येऊ, कारण इथल्या गाड्यांच्या प्लगवर इथल्या वापराची खूण उमटते. १९६६ पासून समुद्रात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर हा किनारा आणि त्याला समांतर जाणारा ईस्ट कोस्ट पार्कवे उभा आहे. या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर असली तरी इथून शहराच्या मध्यापर्यंतचा प्रवास जेमतेम आठ-दहा किलोमीटरचा. मुलांना शाळेत सोडणे, बाजार, देऊळ, विमानतळावरून पाहुणे आणणे, अशा फेऱ्या तर त्याहून आखूड. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापते न तापते तोच बंद होते. त्यात भर पडते ती उभ्या गाडीत वातानुकूलन चालू ठेवून वाट पाहत बसण्याच्या सवयीची. वाहतुकीच्या कारणाशिवाय उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे सिंगापुरात कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याचा हेतू हवेचा आहे. पण प्लगच्या दृष्टीनेही तो नियम शहाणपणाचा आहे. मंद गतीने चालणाऱ्या इंजिनात टोक स्वतःला साफ करण्याच्या तापमानापर्यंत पोचत नाही, काजळी साचते, आणि काजळीतून वीज वाहत असल्याने ठिणगी फट सोडून भलतीकडे जिरते. मिनिटाला सातशे फेऱ्यांवर तासभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्रत्येक प्लग एकवीस हजार वेळा पेटलेला असतो आणि किलोमीटरचा काटा तसूभर हललेला नसतो. या भागात बऱ्याचदा दोष समुद्राच्या खाऱ्या हवेवर ढकलला जातो. खारी हवा बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, उघडे बोल्ट आणि खालची एक्झॉस्टची नळी खाते हे खरेच आहे. प्लग मात्र सिलिंडर हेडच्या खोल विवरात, रबरी टोपीखाली बसलेला असतो. तिथपर्यंत खारी हवा क्वचितच पोचते. प्लग खराब झाला तर समुद्राकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या फेऱ्यांचा हिशेब पाहावा. महिन्या-दोन महिन्यांतून मलाक्क्यापर्यंत सलग जाणाऱ्या गाडीचा आणि फक्त शाळा-बाजार करणाऱ्या गाडीचा प्लग शेजारी ठेवला, तर वर्ष आणि किलोमीटर सारखे असूनही ते वेगळे दिसतात.

काढलेला प्लग वाचायचा कसा, यासाठी पुस्तकात छायाचित्रांसह एक पूर्ण प्रकरण दिले आहे. इथे त्यामागचा विचार सांगतो. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे ज्वलन ठीक चालले आहे. कोरडी, मखमली काजळी म्हणजे इंधन हवेच्या मानाने जास्त पडते आहे किंवा फेऱ्या फार आखूड आहेत. इथे एअर फिल्टर तुंबला आहे का, हे सगळ्यात आधी बघावे. ओलसर, चिकट काळेपणा म्हणजे ऑइल ज्वलनकक्षात शिरते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याची ती खूण. पांढरे पडलेले, फोड आल्यासारखे टोक म्हणजे अति उष्णता: चुकीच्या श्रेणीचा प्लग, कमी पडणारे इंधन किंवा कूलिंगमध्ये बिघाड. यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम तुलनेचा आहे. चारही प्लग सारखे काळे असतील तर कारण साऱ्या इंजिनाला लागू आहे. तीन स्वच्छ आणि एकच काळा असेल तर कारण त्या एका सिलिंडरमध्ये आहे. म्हणून प्लग काढताना ते क्रमाने ठेवावेत, एकत्र कोंबून एका पिशवीत टाकू नयेत. कार्यशाळेने बदललेले जुने प्लगही मालकाने क्रमाने मागून घ्यावेत. या एका मागणीने मेकॅनिकशी होणाऱ्या बोलण्याचा सूरच बदलतो, कारण प्लग खरेच बदलला का आणि बदलण्याची गरज होती का, ही दोन्ही उत्तरे समोर टेबलावर असतात.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा की इरिडियमचे प्लग आले, आता या सगळ्याची गरज उरली नाही. आक्षेपात तथ्य आहे. निकेलचा वितळबिंदू १,४५५ अंश, प्लॅटिनमचा १,७६८, आणि इरिडियमचा २,४०० च्या वर. त्यामुळे इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक ठेवता येते, ते सहज झिजत नाही, ठिणगीला कमी व्होल्ट लागतात. साधे निकेलचे प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला बदलावे लागत, तर इरिडियमचे बरेच प्लग लाखाच्या आसपास टिकतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या दहा वर्षांच्या आयुष्यात प्लग एकदाच बदलायचा असेल तर त्यासाठी पुस्तक कशाला? पण तो ‘एकदाच’च अडचणीचा आहे. दर वर्षी करायचे काम सवयीने होते. आठ वर्षांनी एकदा करायचे काम कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि तोवर गाडी बहुधा दुसऱ्या हातात गेलेली असते. टर्बो इंजिनांत मुदत बरीच आधी, साठ हजारांवर किंवा त्याहूनही अलीकडे येते, कारण वाढलेल्या दाबात ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. शिवाय लाख किलोमीटरची हमी टोकाच्या झिजेबद्दल असते. काजळी, ऑइल, चिरलेली चिनीमाती आणि फाटलेली रबरी टोपी यांना इरिडियम रोखू शकत नाही.

मिसिंग करणारी गाडी रेटत नेण्याची किंमत काय, तेही इथेच सांगायला हवे. न पेटलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तिथे जळते. त्यात चिनीमातीच्या बारीक जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. तापमान हजार अंशांच्या आसपास गेले की तो लेप निकामी होऊ लागतो, आणि त्याहून बरेच चढले तर ती जाळीही वितळते. चार प्लगचा खर्च आणि एका कन्व्हर्टरचा खर्च यांची तुलनाच होत नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर जळत असेल तर गाडी शक्य तितक्या लवकर दाखवावी. तो लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर धोक्यात आहे असे समजून वेग उतरवावा आणि सुरक्षित जागी थांबावे. साधे कोड वाचणारे यंत्र जोडले तर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोड दिसतो, आणि शेवटचा आकडा कोणता सिलिंडर मिस मारतो ते सांगतो. तो कोड प्लग खराब आहे असे मात्र सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांपैकी दोषी कोण हे ठरवण्याची एक जुनी आणि उत्तम रीत आहे: त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावावी आणि कोड तिच्याबरोबर सरकतो का ते पाहावे. सरकला तर दोष कॉइलचा. अशा तर्काने चालणारा मालक एका बिघाडासाठी तीन सुटे भाग विकत घेत नाही.

दुसरा आक्षेप खास सिंगापूरचा आहे, आणि तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. गाडी दहाव्या वर्षी मोडीत जायचीच आहे. तेव्हा मिळणारा पार्फचा परतावा गाडीच्या वयावर आणि नोंदणीवेळी भरलेल्या एआरएफ या जादा नोंदणी शुल्कावर ठरतो. इंजिन कसे आहे हे त्यात कोणी विचारत नाही. मग इंजिन जपून कोणाचे भले? निव्वळ शेवटच्या दिवसाचा हिशेब मांडला तर याला उत्तर नाही, हे कबूल करावे लागते. पण गाडीचे आयुष्य एका दिवसाचे नसते. तिसऱ्या वर्षापासून दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी तपासणी होते, आणि तीत धुराचीही परीक्षा असते. मधल्या काळात गाडी विकायची झाली तर तिच्या अवस्थेला बाजारात किंमत असते. आणि सगळ्यात मोठा निर्णय नेमका शेवटी येतो: मोडीत काढायची की सीओई वाढवायचा. वाढवताना त्या वेळचा चालू कोटा प्रीमियम भरावा लागतो, म्हणजे पुन्हा हजारो डॉलर. पाच वर्षांसाठी वाढवला तर त्यापुढे वाढ मिळत नाही. दहा वर्षांसाठी वाढवला तर दहा वर्षे ते इंजिन सांभाळावे लागते. दहा वर्षांवरच्या गाडीला रस्ताकरावर अधिभार लागतो. तो दहा टक्क्यांपासून चढत पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. एवढा पैसा ज्या निर्णयावर अवलंबून आहे तो बाहेरचा रंग आणि सीटची कातडी पाहून घेणे मला अविचार वाटतो. आठव्या-नवव्या वर्षी प्लग काढून पाहिले, त्याच भोकातून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घेतले, आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग तेलकट निघाला, तर हे इंजिन पुढे किती खर्च मागणार याचा अंदाज परवान्याचे पैसे भरण्याआधी येतो.

वॉरंटीची भीती बरेच जण बोलून दाखवतात. अधिकृत वितरकाबाहेर गाडीला हात लावला की वॉरंटी गेली, असा समज सिंगापुरात दीर्घकाळ होता आणि पूर्वी तो निराधारही नव्हता. मात्र इथल्या स्पर्धा आयोगाने केलेल्या चौकशीनंतर बहुतेक वितरकांनी, केवळ बाहेरच्या कार्यशाळेत सर्व्हिसिंग केले म्हणून वॉरंटी रद्द करण्याची अट काढून टाकली, आणि आयोगाने ते डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. म्हणजे काकी बुकित किंवा उबीच्या कार्यशाळेत गाडी नेण्याची मोकळीक मालकाला आहे. पण बाहेरच्या कामामुळे बिघाड झाला तर त्याची भरपाई वितरक करणार नाही. म्हणून वॉरंटी चालू असेपर्यंत स्वतः प्लग खोलू नये, फक्त वाचायला शिकावे, असेच मी सुचवेन. कामाची पावती, सुट्या भागाचा क्रमांक आणि किलोमीटर जपून ठेवावेत.

स्वतः प्लग बदलणाऱ्यांच्या चुकांबद्दल इशारा द्यायला हवा, कारण इथे उत्साह महागात पडतो. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि त्यातले आटे मऊ असतात. गरम इंजिनातून प्लग ओढून काढला तर आटेही त्याच्याबरोबर निघून येऊ शकतात, म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. टोपी काढल्यावर, प्लग सैल करण्याआधी विवरातली धूळ हवेने उडवावी, नाहीतर तीच वाळू सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी बोटांनी फिरवत बसवावा. दोन-तीन फेरे सहज गेले नाहीत तर थांबावे. पाना लावून जबरदस्ती केली की आटे गेलेच. शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच द्यावा. १४ मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावण्याचा सल्ला जुने लोक देतात. आजच्या प्लगवर गंजरोधक मुलामा असतो, वर ग्रीस लावले तर त्याच टॉर्कला प्लग जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो. म्हणून प्लग कंपन्याच त्याला मनाई करतात. इरिडियमच्या टोकाची फट कारखान्यात बांधून येते. ती नाण्यासारख्या गोल गेजने ताणण्याचा मोह आवरावा, बारीक टोक तुटते. आणि व्ही आकाराच्या सहा सिलिंडरच्या किंवा आडव्या बॉक्सर इंजिनात मागचे प्लग बऱ्याचदा इनटेक काढल्याशिवाय किंवा गाडी उचलल्याशिवाय हाती येत नाहीत. तिथे हे काम कार्यशाळेचेच.

समजून घेण्याची सुरुवात प्लगपासून करायची असली तरी त्याच्याभोवतीची बाकीची देखभाल या पुस्तकात आधी येते, कारण प्लगवर उमटणाऱ्या खुणांचे मूळ बऱ्याचदा तिच्यात असते. ऑइलची पातळी काडीवर पाहायला दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात इंजिन ऑइल खाते की नाही हे कळते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांत ऑइलची श्रेणीही महत्त्वाची. कमी फेऱ्यांवर जोर लावताना इंधन अवेळी पेटण्याचा दोष आवरावा म्हणून मे २०२० मध्ये एपीआय एसपी ही श्रेणी आली, आणि स्वस्तातले जुन्या श्रेणीचे ऑइल टाकून तो फायदा घालवू नये. सिंगापुरात थंडी नाही म्हणून रेडिएटरमध्ये साधे पाणी चालते, हा गैरसमज आपल्याकडच्या सवयीतून आलेला आहे. कूलंट गोठण्यापासून वाचवते ते इथे गैरलागू खरे, पण त्यातली गंजरोधक द्रव्ये अ‍ॅल्युमिनियमला वाचवतात आणि ते पाण्यापेक्षा उशिरा उकळते, आणि या दोन्हींची गरज विषुववृत्ताजवळ जास्त आहे. एअर फिल्टरचे म्हणाल तर २१ जून २०१३ रोजी सुमात्राकडच्या धुरामुळे प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता. अशा धुरकट हंगामानंतर फिल्टर किलोमीटरवर न ठेवता काढून पाहावा.

राहिला विजेच्या गाड्यांचा आक्षेप. २०३० पासून सिंगापुरात नव्याने नोंदणी होणारी प्रत्येक गाडी स्वच्छ इंधनाच्या वर्गातली असावी लागेल. पण त्या वर्गात हायब्रिडही मोडतात आणि हायब्रिडमध्ये इंजिन असते, प्लग असतो, उलट ते इंजिन वारंवार बंद-चालू होत असते. २०२९ मध्ये नोंदलेली पेट्रोल गाडी २०३९ पर्यंत रस्त्यावर असू शकते. जून २०२४ मध्ये तान्जोंग रूपासून बेशोअरपर्यंत मेट्रो सुरू झाल्यापासून या भागात गाडीच कशाला, असेही कोणी विचारेल. ज्यांना तिच्याशिवाय जमते त्यांनी जरूर तसे करावे. पण ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची मिसिंग करणारी गाडी त्याच मेट्रो स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात न जळलेले पेट्रोल सोडते. देखभालीचा हा भाग मालकाच्या खिशापुरता उरत नाही.

मालकाने कुठे थांबायचे तेही ठरवून घ्यावे लागते. इमारतीच्या पार्किंगमध्ये काय करायला परवानगी आहे ते व्यवस्थापनाला आधी विचारावे. कोरड्या हाताने होणारी कामे, म्हणजे प्लग पाहणे, एअर फिल्टर बदलणे, बॅटरीचे टर्मिनल साफ करणे आणि काडीवर ऑइल मोजणे, ही या पुस्तकाची मर्यादा आहे. ऑइल बदलण्याचे प्रकरण मुद्दाम दिलेले नाही. चार लिटर काळे ऑइल घरी काढल्यावर ते टाकायचे कुठे, याला गृहनिर्माण इमारतीत समाधानकारक उत्तर नाही. सिंगापुरात वापरलेले ऑइल विषारी औद्योगिक कचऱ्यात मोडते आणि परवानाधारक संकलकाकडेच जाते. कार्यशाळेची ती व्यवस्था असते. पावसाच्या गटारात ओतलेले ऑइल या पट्ट्यात थेट ईस्ट कोस्टच्या पाण्यात उतरते. ब्रेक, टायमिंग चेन, इंधनाची नळी आणि दाबाखाली असलेला गरम रेडिएटर हेही कुशल हातांकडेच सोपवलेले बरे. तिथे मालकाने शेजारी उभे राहावे, काढलेला भाग मागून पाहावा, आणि शंका आली तर विचारावे. पहिले प्रकरण बॉनेट उघडून काय कुठे आहे ते ओळखण्याचे आहे. ते गाडीशेजारी उभे राहून, गाडीची पुस्तिका हातात घेऊन वाचावे.